माहलन हेप्लरनं कळ बदलली

माहलन हेप्लरच्या हातात कुणी ठासणीची बंदूक दिली, की बस म्हणायच्या आधी तो तिच्या नळीत गज सोडायचा. गज तळाला टेकला की तोंडाशी अंगठ्याचं नख धरायचं, गज बाहेर काढायचा आणि नळीच्या अंगाला लावून बघायचा. टोक कळीपर्यंत, म्हणजे घोडा बसवलेल्या यंत्रापर्यंत पोचलं तर नळी रिकामी. बोटभर अलीकडे थांबलं तर आत कुणाच्या तरी आजोबांनी ठासलेली दारू आणि गोळी अजून बसून आहे. चुलीवरच्या खुंटीला दोन दोन पिढ्या टांगलेल्या, पोरांनी लुटुपुटीच्या लढाईत वापरलेल्या बंदुकाही त्याला अशा भरलेल्या सापडल्या होत्या. मालक म्हणायचा, "अरे, रिकामी आहे ती. आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे." माहलन म्हणायचा, "तुमच्या घरात माहीत असेल. गजाला कुठं माहीत आहे?"

माणसांच्या आत मात्र गज घालता येत नाही, याचं त्याला आयुष्यभर वाईट वाटत आलं होतं.

पेन्शन लागेपर्यंत तो डोंगरापलीकडच्या एका कोळशाच्या आगारात वजनकाट्यावर बसला. ओला कोळसा जड भरतो, ढिगाच्या पोटात दगड लपतात, आणि ट्रकचं मागचं चाक काट्याच्या कडेवर ठेवणारा ड्रायव्हर हमखास हवापाण्याच्या गप्पा मारतो, हे तो तिथं शिकला. तेव्हापासून कुणी हवापाण्याबद्दल बोलायला लागलं की माहलनची नजर खाली, त्याच्या पायांकडं जायची. बायको स्टेला होती तोवर घरात कुणीतरी हसायचं. "तुला स्वर्गाच्या दारात उभं केलं तर तू आधी दाराच्या बिजागऱ्या तपासशील," ती म्हणायची. ती गेल्यावर तपासणं तेवढं उरलं. अंगणातल्या उन्हाळी स्वयंपाकघरात त्यानं कानस, शेगडा आणि बाक मांडला, आणि माहानटोंगो खोऱ्यातल्या अर्ध्या लोकांच्या बंदुका त्याच्या हाताखालून जायला लागल्या. काम झालं की काढलेला एकूण एक जुना तुकडा चिंधीत बांधून तो मालकाला परत द्यायचा. लोक आपल्यावर संशय घेतात, असा त्याचा संशय होता.

मागच्या हिवाळ्यात मात्र त्याच्या संशयाला खरंखुरं खाद्य मिळालं.

नाताळचा दुसरा दिवस त्या खोऱ्यात सणाचाच. दुसरा नाताळच म्हणतात त्याला. त्या दिवशी चकमकीच्या बंदुकांनी हरणं मारायचा हंगाम उघडतो. घोड्याखाली तांब्याची टोपी फुटून पेटणारी, टोपीची बंदूक तेव्हा चालत नाही. गारगोटीनं ठिणगी पडली पाहिजे, असा राज्याचा नियम. ॲमन क्लाउझरच्या टोळीतले, माहलन धरून, सहा जण वर्षानुवर्षं एकाच घळीत हाका करत आलेले. तिघांनी आरडत वरून उतरायचं, तिघांनी खाली नाक्यावर उभं राहायचं, पुढच्या खेपेला अदलाबदल. माहलन त्या दिवशी बीचच्या एका जाड झाडाला टेकून उभा होता. त्याच्या कानाशी झाडाची साल उडाली. धडाम हा आवाज सगळ्यांनीच ऐकला. माहलननं त्याच्या आधीचा बारीक फुस्सही ऐकला, कळीतली रंजक, म्हणजे पेटवणीची चिमूटभर दारू, पेटल्याचा. तो जवळूनच ऐकू येतो. तो ओरडला. घळीतून कुणी ओ दिली नाही.

संध्याकाळी खोपटात सगळे जमले. तिथली रीत अशी की हरणावर ज्याचा नेम चुकला त्याच्या सदऱ्याची मागची शेपटी कात्रीनं कापायची आणि नाव-साल लिहून भिंतीला ठोकायची. भिंत शेपट्यांनी भरलेली आहे. ॲमनच्या एकट्याच्याच पुरी गोधडी होईल इतक्या. त्या संध्याकाळी ॲमन कात्री घेऊन उभा राहिला, आणि सदरा कुणीच वर केला नाही.

"रस्त्यावरून कुणीतरी बाहेरचा शिरला असणार," ॲमन म्हणाला.

"बाहेरचाच," सगळे म्हणाले. माहलनच्या मते जरा जास्तच लवकर म्हणाले.

ती गोळी त्यानं दुसऱ्या दिवशी झाडातून कोरून काढली. चपटी झाली होती. कुणाचंच नाव सांगत नव्हती. तेव्हापासून माहलन हेप्लरला एकच गोष्ट कळायला हवी होती. येत्या दुसऱ्या नाताळाला याच माणसांमध्ये पाठ करून उभं राहायचं, तर यातला कोण?

उन्हाळ्यात त्यानं जाहीर केलं की टोळीतल्या सगळ्यांच्या बंदुका तो फुकट साफ करून देणार. माहलन आणि फुकट! खोऱ्यात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. "त्याला काहीतरी झालंय, डॉक्टरला दाखवा," ॲमन म्हणाला. पण बंदुका आल्या. माहलननं त्यांच्या कळी खोलल्या, नळ्या मापल्या, मालकांना घोडा ओढायला लावून त्यांच्या चेहऱ्यांकडं पाहिलं. कुणी जांभई दिली, कुणी पाय खाजवला. एकच माणूस बंदूक घेऊन आला नाही. त्याच्या सख्ख्या बहिणीचा नवरा, विल्मर वाइस्ट.

आला तो थेट हिवाळ्याच्या तोंडावर, आणि आला तो भलतीच बंदूक घेऊन.

"रिकामी आहे," विल्मर दारातूनच म्हणाला.

माहलननं गज सोडला. रिकामी होती. त्याला जराशी निराशाच वाटली.

"बापाची आहे," विल्मर म्हणाला. "टोपीची. ही गारगोटीवर घे."

"तुझी स्वतःची कुठंय?"

"विकली."

"कुणाला?"

"कुट्झटाउनच्या बाजारात एक जण भेटला."

"नाव काय त्याचं?"

"लग्न लावायचं होतं का मला त्याच्याशी? विकली, झालं." विल्मर खिडकीकडं वळला. "बर्फ लवकर येणार यंदा. वारा बघ कसा फिरलाय."

माहलननं त्याच्या बुटांकडं पाहिलं. एका जागी स्थिर नव्हते.

"दुसरा नाताळ तोंडावर आलाय," माहलन म्हणाला. "घाईनं करायचं हे काम नाही."

"घाई कुणाला आहे? झाली तर झाली. नाही झाली तर राहिली."

तो गेल्यावर माहलननं बंदूक बाकावर आडवी ठेवली. हाक्याआधी 'घाई नाही' म्हणणारा माणूस त्यानं त्या खोऱ्यात आजवर पाहिला नव्हता. लोक दाराशी गाडी चालू ठेवून उभे राहतात, कॉफी नको म्हणतात, कानस चालते तिच्याकडं टक लावून बघतात. आणि याला घाई नाही. आधी त्याला वाटलं, विल्मरला ही बंदूक जुनी अस्सल चकमकीची म्हणून बाजारात खपवायची असेल. तसे लोक असतात. म्हणून त्यानं नळी लाकडी दस्त्यातून सोडवली आणि आपण घातलेल्या नव्या भागांवर आतून आपल्या नावाची अक्षरं आणि साल ठोकायचं ठरवलं. फसवणूक झालीच तर निदान आपल्या हातून नको.

रविवारी आर्लीन आली. भाऊ एकटा म्हणून ती अधूनमधून काहीबाही घेऊन यायची. त्या दिवशी बटाटा आणि सॉसेज ठासून भाजलेलं डुकराचं पोट होतं. त्यानं ताट पुढं ओढलं.

"विल्मरनं बंदूक विकली म्हणे."

"विकली? दस्ता तडकला म्हणून माळ्यावर टाकलीय, मला तर असं म्हणाला," आर्लीन म्हणाली. मग तिनं त्याच्याकडं रोखून पाहिलं. "तू परत तसलं तोंड केलंस."

"कसलं?"

"काट्यावर बसल्यासारखं. खा ना नीट. माझ्या नवऱ्याचं वजन नंतर कर."

"झोपतो का तो नीट?"

आर्लीनचा हात थांबला. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"वर्ष होत आलं. उठून खुर्चीत बसतो. विचारलं तर म्हणतो, गुडघा." तिनं डबा पुसून घेतला. "यंदा हाक्यालाही नको म्हणत होता. मीच म्हटलं, जा. घरात बसशील तर लोक विचारतील काय झालं, मग मी कुणाकुणाला सांगत फिरू?"

ती गेली. ताट तसंच राहिलं. माळ्यावरची बंदूक, बाजारातली बंदूक, गुडघा. माहलनला वाटलं, आता गज घालायची गरजच नाही. आणि तरीही त्याला खात्री हवी होती. बहिणीच्या घरात शिरायचं म्हणजे कर्णोपकर्णी ऐकलेल्यावर शिरता येत नाही.

त्यानं काम सुरू केलं. टोपी बसायचं बोंड ज्या लहानशा दंडगोलात होतं, तो नळीच्या बाजूला आट्यांनी आवळलेला होता, गंजानं नळीशी एकजीव झालेला. तेल, शेक, पुन्हा तेल. दोन दिवस तो हलेना. तिसऱ्या दिवशी कुरकुरत सुटला. त्या भोकात त्यानं पोलादाचं नवं बूच आट्यांनी बसवलं आणि बुचाच्या मधोमध सुईएवढा कान पाडला, रंजकेचा जाळ आत जायला. सगळी मेख इथंच असते. नव्या कळीतली रंजकेची वाटी कानाच्या अगदी समोर यायला हवी. खाली राहिली तर जाळ नुसताच भडकतो. वर गेली तर कान दारूनं बुजतो आणि गोळी रेंगाळून सुटते. आणि रेंगाळण्याच्या त्या पळभरात बंदूक धरणाऱ्याला आपल्या नाकासमोर फुललेला जाळ दिसतो. टोपीवर वाढलेली माणसं इथंच चुकतात. डोळे मिटतात, मान वळते, नळी फिरते, आणि गोळी बाहेर पडायची असते ती त्यानंतर.

विल्मर आयुष्यभर बापाच्या टोपीच्या बंदुकीवर वाढलेला. गारगोटीची त्यानं म्हातारपणी घेतली होती, टोळीत राहायचं म्हणून.

माहलननं नव्या कळीच्या पाठीला दिव्याची काजळी लावली आणि ती दस्त्याच्या खोबणीत दाबली. जिथं लाकूड अडत होतं तिथं काळं उमटलं. तेवढंच खरवडलं. पुन्हा काजळी, पुन्हा दाब. एरवी त्याला हे काम आवडायचं. अडणारी जागा स्वतःहून डाग दाखवते. या खेपेला पटाशी दोनदा लाकडात खोल गेली. ज्या बंदुकीनं आपल्यावर गोळी झाडली तिच्याच मालकाला आपण दुसरी घडवून देतोय, हा विचार डोक्यातून हलत नव्हता. मेपलचं ठिगळ घालून त्यानं ती जागा भरली. ठिगळ चांगलं बसलं, याचाही त्याला राग आला.

नाताळच्या दोन दिवस आधी विल्मर आला. बंदूक तयार पाहून त्याचा चेहरा उतरला. तयार बंदूक पाहून चेहरा उतरलेलं गिऱ्हाईकही माहलननं पहिल्यांदाच पाहिलं.

"झाली?"

"झाली. चल, कोठाराच्या मागं. झाडून बघ."

"तू झाडली असशीलच की."

"मी माझ्या खांद्यानं झाडली. तुझ्या खांद्यानं तूच झाड."

कोठारामागच्या मातीच्या उंचवट्यावर केक भाजायचा एक जुना पत्रा टांगला होता. माहलननं विल्मरकडं पाठ केली आणि बंदूक भरल्यासारखं केलं. शिंगातली दारू मापात ओतली, आणि ती नळीत न घालता बाहीखाली बर्फावर सांडली. चिंधी नाही, गोळी नाही. गज मात्र आवाज करत खालीवर केला. मग वाटीत रंजक घालून बंदूक विल्मरच्या हातात दिली आणि स्वतः बाजूला उभा राहिला, पत्र्याकडं न बघता त्याच्या तोंडाकडं बघत.

घोडा पडला. वाटीत जाळ झाला. फुस्स.

आणि पुढं काहीच झालं नाही. धडाम नसल्यामुळं सगळं उघडं पडलं. विल्मरचे डोळे गच्च मिटलेले होते. मान खांद्यात गेली होती. नळी पत्र्यावरून हातभर उजवीकडं, कोठाराच्या कोपऱ्यावर रोखली गेली होती. तो तसाच उभा राहिला, न आलेल्या धक्क्याची वाट बघत.

मग त्यानं डोळे उघडले. नळी कुठं आहे ते पाहिलं. माहलनकडं पाहिलं.

"नळीत काही घातलंच नव्हतंस तू."

"नाही."

"मला वाटलंच होतं तू असं काहीतरी करशील," विल्मर म्हणाला. त्यानं बंदूक खाली केली. "उन्हाळ्यात सगळ्यांच्या फुकट साफ करत होतास, तेव्हाच कळलं. तू आणि फुकट."

"तो तू होतास."

"हरणाची एक मादी होती. तुझ्या आणि माझ्या मध्ये. तू तिथं आहेस हे मला दिसलंच नाही, देवाशपथ. जाळ झाला, आणि मग मला फक्त तुझी आरोळी ऐकू आली."

"मग बोलला का नाहीस? सदराच गेला असता की."

"सदरा गेला असता तर ॲमननं विचारलं असतं, कुठं उभा होतास, गोळी कुठं गेली. आणि सगळ्यांनी तुझ्या झाडाकडं बघितलं असतं." त्यानं बाहीनं नाक पुसलं. "आर्लीनचा भाऊ आहेस तू. घरी जाऊन तिला काय सांगू? तुझा भाऊ थोडक्यात वाचला, मीच मारत होतो?"

"वर्षभर मी ॲमनच्या घरची कॉफी प्यायलो नाही," माहलन म्हणाला. "त्याच्याकडं पाठ करून खुर्चीत बसलो नाही."

"माहीत आहे. त्याला वाटतं तुला पोटाचा काहीतरी आजार आहे."

माहलनला हसू आलं असतं, पण त्याच्या आत काहीतरी चिघळलेलं होतं आणि ते एवढ्यावर निवळण्यातलं नव्हतं. वर्षभर तो चार निर्दोष माणसांचं वजन करत बसला होता. आणि हा पाचवा, त्याच्या बहिणीच्या टेबलापाशी बसून त्याला बटाटे वाढत होता.

"बंदूक गेली कुठं खरी?"

"घळीतल्या डबक्यात टाकली. आणि मग ही आणली तुझ्याकडं. म्हटलं, तुझ्या हातून वेळेत होणार नाही. झालीच तर झाडताना बघून तू मला ओळखशील. मला ठरवता येत नव्हतं यातलं काय व्हावं."

माहलन आत बाकाकडं गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात हिकरीच्या लाकडाची चपटी चीप होती, गारगोटीच्याच मापाची. त्यानं विल्मरच्या बंदुकीच्या घोड्याच्या जबड्यातून गारगोटी काढली, खिशात टाकली, आणि तिथं ती चीप आवळली.

"याला ठिणगी नाही, जाळ नाही. घोडा नुसता पडेल. डोळे उघडे ठेवून. आज, उद्या, नाताळला चर्चमधून आल्यावर. हात दुखेपर्यंत जितक्या वेळा होईल तितक्या वेळा."

"आणि हाक्याला?"

"हाक्यालाही हीच घेऊन तू माझ्याशेजारी उभा राहशील."

"लाकडाची? हरीण समोर आलं तर?"

"तर त्याचं नशीब बरं."

दुसऱ्या नाताळाला पहाटेच बर्फ पडलं होतं. माहलननं स्वतःहून विल्मरला आपल्या नाक्यावर मागून घेतलं तेव्हा ॲमननं भुवया वर केल्या. "पोट बरं झालेलं दिसतंय याचं," तो म्हणाला, आणि वर हाकाऱ्यांमध्ये निघून गेला. ते दोघं घळीच्या तोंडाशी, हेमलॉकच्या दोन झाडांपाशी उभे राहिले, कुजबुजलं तरी ऐकू येईल इतक्या अंतरावर. माहलनची स्वतःची बंदूक भरलेली होती. निघताना विल्मरच्या घोड्याचा जबडा तपासायचा असं त्यानं ठरवलं होतं; पण गाडीत आर्लीननं दिलेली, बिटाच्या रसात मुरवलेली लाल अंडी, ॲमनची बडबड, बर्फात रुतलेलं चाक, यात ते राहून गेलं. हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा वरून हाकाऱ्यांच्या आरोळ्या सुरू झाल्या होत्या.

विल्मर त्याच्या डाव्या खांद्यामागं उभा होता. गारगोटी गावात कुठंही मिळते. खिशातून काढून आवळायला कितीसा वेळ लागतो? हरणं उजव्या उतारावरून येतील; त्याला तिकडंच तोंड करून उभं राहायला हवं होतं, आणि तिकडं तोंड केलं की विल्मर पूर्ण पाठीमागं जात होता.

तो वळून बघू शकला असता. एक नजर, जबड्यावर. काट्यावरच्या माणसाला तेवढं सहज जमतं.

बर्फ खचल्याचा आवाज आला. दोन माद्या उतारावरून उतरून घळीच्या मधोमध थबकल्या, कान हलवत. एक वळली आणि डावीकडं, विल्मरच्या समोर गेली. मागं घोडा ओढल्याची खटखट झाली, आधी अर्धी, मग पूर्ण. माहलननं आपली बंदूक खांद्याला लावली नाही. त्यानं उजव्या उताराकडं तोंड केलं, पाठ सरळ केली, आणि तिथल्या रिकाम्या बर्फाकडं बघत राहिला.

मागं लाकूड पोलादावर आपटलं. टक्. एवढंच.

मादी उडी मारून रस्त्याकडं पळाली. तिच्यामागं दुसरी. वरून ॲमन ओरडत होता, "मारा रे! झोपलात का खाली?"

"उघडे होते," विल्मर मागून हळूच म्हणाला. "या खेपेला उघडे होते, माहलन."

"मी विचारलं का?" माहलन म्हणाला. त्याला ते सगळंच खरं वाटलं नाही. पण ॲमनची हाकाटी जवळ येऊन थांबेपर्यंत तो तसाच, पाठमोरा उभा राहिला.